रंगरंगोटी आणि पडवी: अ‍ॅक्शन गेमचं ‘रीमास्टर’ आणि ‘स्पेशल एडिशन’

“गेम तोच मां? मगे परत पैशे कित्याक घालूचे?”

गणपतीला मुंबईहून कुडाळच्या घरी आलेला भाचा विचारत होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वाढला मुंबईतच, पण कोकणकन्येतून उतरला की तोंडी मालवणी येतेच. सोबत साठवलेल्या पैशांतून नुकताच घेतलेला प्लेस्टेशन ५, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल, होता आणि जुन्या कन्सोलवरची ‘डेव्हिल मे क्राय ५’ या तलवार-बंदुकीच्या गेमची डिस्क. स्टोअरमध्ये याच मालिकेची तीन नावं त्याला शेजारीशेजारी दिसत होती: एचडी कलेक्शन, चौथ्या भागाची स्पेशल एडिशन आणि पाचव्या भागाची स्पेशल एडिशन. त्याच्या हिशेबी तिन्ही एकच, जुना गेम नव्या यंत्रासाठी पुन्हा काढलेला.

मी त्याला घराकडे बघायला सांगितलं. आमच्या घरावर मंगलोरी कौलं आहेत. पावसाआधी ती परतावी लागतात. फुटलेली काढायची, वाळवी लागलेला वासा बदलायचा, चिऱ्याच्या भिंतींना चुना मारायचा. घर उजळतं, गळायचं थांबतं, पण माजघरातून खळ्यात जायची वाट तीच राहते. काही वर्षांपूर्वी मागच्या अंगाला पडवी काढली, तेव्हा मात्र घरातला वावरच बदलला. आजी निवडटिपण करायला तिथे बसू लागली, पोरं पावसात तिथे खेळू लागली. कौलं परतणं म्हणजे रीमास्टर, पडवी काढणं म्हणजे स्पेशल एडिशन. घर जोत्यापर्यंत उतरवून नवं बांधलं तर त्याला रीमेक म्हणतात. २०१९चा ‘रेसिडेंट ईव्हिल २’ तसा आहे. तो प्रकार सहसा ओळखू येतो, म्हणून इथे बाजूला ठेवतो. गोंधळ होतो तो पहिल्या दोहोंत.

हा गोंधळ इतर गेममध्ये फारसा नडत नाही, पण स्टायलिश अ‍ॅक्शनमध्ये नडतो. या प्रकारात शत्रू मेला एवढ्यावर भागत नाही. तो कसा मारला याला गुण असतात. ‘डेव्हिल मे क्राय’मध्ये डी पासून ट्रिपल एस पर्यंत रँक चढते. एकच वार घोटत राहिलात तर ती चढत नाही, मार खाल्लात तर घसरते. २००१ साली प्लेस्टेशन २ वर हिदेकी कामिया यांच्या दिग्दर्शनाखाली कॅपकॉम या जपानी कंपनीने पहिला भाग काढला. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ म्हणून सुरू झालेलं काम वेगळ्याच वळणावर गेलं, त्यातून तो जन्मला. तेव्हापासून या खेळांचा सगळा जीव हातात आहे. गोष्ट विसरते, पण तलवारीने उडवलेल्या शत्रूला हवेतच बंदुकीच्या गोळ्यांवर झेलून धरणं बोटं विसरत नाहीत. म्हणून पुन्हा आलेल्या गेमबद्दल पहिला प्रश्न असतो की डोळ्यांना काय नवं मिळालं आणि हातांना काय.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण तिसरा भाग आहे, कारण तो दोन्ही वाटांनी परत आलाय.

मूळ तिसरा भाग २००५चा. उत्तर अमेरिकेतल्या आवृत्तीत जपानी ‘हार्ड’ पातळीच ‘नॉर्मल’ म्हणून दिली होती, आणि नव्या खेळाडूंचं त्यात कंबरडं मोडलं. २००६च्या स्पेशल एडिशनने ते सावरलं. पडल्यावर त्याच जागी उठून पुढे खेळायची सोय दिली, वेग २० टक्क्यांनी वाढवणारा टर्बो मोड दिला, एकामागून एक लढायांचा ‘ब्लडी पॅलेस’ दिला, आणि सगळ्यात मोठं म्हणजे नायक डान्टेचा भाऊ व्हर्जिल खेळायला दिला. यंत्र तेच होतं, प्लेस्टेशन २. चित्र जवळपास होतं तसंच, आणि तरीही गेम दुणावला.

मग आलं एचडी कलेक्शन, २०१२ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर, २०१८ मध्ये त्यांच्या पुढच्या कन्सोलवर आणि पीसीवर. त्यात तिसऱ्या भागाची स्पेशल एडिशनच घेतली होती. चित्र रुंद आणि रेखीव झालं. पहिल्या दोन भागांचे मेनू मात्र जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाचेच राहिले, आणि खेळ सोडून मेनूत गेलं की ते डोळ्यांना खुपतं. हातांसाठी त्यात नवं काही नव्हतं. मूळ गेम प्लेस्टेशन २ वरही सेकंदाला ६० फ्रेमने (फ्रेम म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारं एकेक चित्र) चालायचा, म्हणजे तिथेही मिळवण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे शुद्ध रीमास्टर, कौलं परतलेली.

आणि फेब्रुवारी २०२० मध्ये हाच तिसरा भाग निंटेंडो स्विचवर आला. दिसायला तो काही विशेष नवा नव्हता, पण आतमध्ये अख्खी पडवी होती. मूळ खेळात डान्टेची लढण्याची एकच शैली घेऊन मोहिमेत उतरावं लागायचं, बदलायची तर मधल्या मूर्तीपाशी थांबायचं. हत्यारंही मोजकी, दोन हातातली आणि दोन बंदुका. स्विचच्या आवृत्तीत लढता लढता शैली बदलता येऊ लागली आणि सगळी हत्यारं एकाच वेळी जवळ ठेवता येऊ लागली. पंधरा वर्षं घोटून बसलेला गेम लोकांना पहिल्यापासून शिकावा लागला. शिवाय ब्लडी पॅलेसमध्ये एकाच कन्सोलवर दोघांना खेळता येतं. पावसात वीज गेली तरी हातातल्या स्विचवर खेळ चालू राहतो, ही कोकणातल्या माणसाला कळणारी वेगळी किंमत.

दोन्ही आवृत्त्यांवर नाव जवळपास तेच. नुसतं चित्र बघून निवडणारा हमखास एचडी कलेक्शनकडे वळेल. मला विचाराल तर तिसऱ्या भागासाठी स्विचचीच घ्या.

आता एक अडचणीची जागा येते, जिथे रीमास्टर आपली हद्द ओलांडतं. ती जागा फ्रेमची. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद पडद्यावर थांबते, ६० असतील तर १६.७ आणि १२० असतील तर ८.३. बटण दाबल्याचं फळ पुढची फ्रेम येईपर्यंत दिसू शकत नाही. आमच्याकडे दशावतारात युद्धाचा प्रवेश पखवाजावर आणि झांजेवर नाचला जातो. ठोका किंचित उशिरा पडला तर नटाचं पाऊल रिकामं पडतं, आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्यालाही ते कळतं. या खेळांत तसंच आहे. डान्टेच्या ‘रॉयल गार्ड’ शैलीत शत्रूचा घाव अंगाला लागण्याच्या नेमक्या क्षणी अडवायचा असतो. ‘बेयोनेटा’ या त्याच जातीच्या दुसऱ्या गेममध्ये शेवटच्या क्षणी अंग चोरलं तरच ‘विच टाइम’ लागतो आणि भोवतालचा काळ संथ होतो. तिथे १६ मिलिसेकंद ही खरोखरीची वस्तू आहे.

म्हणून ‘बेयोनेटा’ची हकीकत सांगावीशी वाटते. प्लॅटिनमगेम्स या कंपनीने तो २००९ मध्ये मुख्यतः एक्सबॉक्स ३६० धरून बनवला. प्लेस्टेशन ३ ची आवृत्ती तो विकणाऱ्या सेगा कंपनीने केली, आणि ती फ्रेम अडखळण्यासाठी आणि लांबलेल्या लोडिंगसाठी ओळखली गेली. पात्रं, हत्यारं, शत्रू सगळं तेच, तरी हाताला वेगळं लागायचं. पुढे २०१७ मध्ये पीसीवर आणि २०२० मध्ये ‘व्हँक्विश’ या गेमसोबतच्या दहाव्या वर्धापनाच्या जोडसंचात तोच गेम गुळगुळीत होऊन आला. नवं पात्र नाही, नवी मोहीम नाही. कागदावर ते निव्वळ रीमास्टर आहे, पण ज्याने तो प्लेस्टेशन ३ वर खेळला असेल त्याच्या बोटांना ते रीमास्टरहून जास्त काही आहे.

निंजा थिअरी या कंपनीने ‘डेव्हिल मे क्राय’ नव्याने मांडून केलेला ‘डीएमसी’ तर याच रेषेवर उभा आहे. २०१३ मध्ये तो कन्सोलवर ३० फ्रेमने आला. जुने खेळाडू नव्या डान्टेच्या केसांवरून भांडत राहिले, पण खरं दुखणं फ्रेमचं होतं आणि शत्रूवर नजर बांधणारं लॉक-ऑन बटण काढून टाकल्याचं होतं. मार्च २०१५च्या डेफिनिटिव्ह एडिशनने ६० फ्रेम दिल्या, लॉक-ऑन परत आणलं, टर्बो मोड दिला, आणि ‘मस्ट स्टाइल’ नावाचा कठोर मोडही दिला, ज्यात रँक एस पर्यंत चढवल्याशिवाय शत्रूला इजाच होत नाही. पुन्हा काढलेल्या गेममध्ये चूक इतक्या प्रामाणिकपणे दुरुस्त केलेली फार कमी वेळा दिसते. मला या आवृत्तीबद्दल आदर आहे.

पडवी काढली म्हणून माजघराचा काळोख जात नाही, हेही सांगायला हवं. ‘डेव्हिल मे क्राय’चा चौथा भाग २००८चा. त्यात नीरो या नव्या नायकाच्या रूपात अर्धा रस्ता जायचं, मग डान्टे म्हणून तोच रस्ता उलटा चालायचा, तेच राक्षस पुन्हा मारायचे. जून २०१५च्या स्पेशल एडिशनमध्ये व्हर्जिल, लेडी आणि ट्रिश अशी तीन पात्रं आली, आणि शत्रूंची झुंड अंगावर सोडणारा ‘लेजेंडरी डार्क नाइट’ मोड, जो आधी फक्त पीसीवर होता, तो कन्सोलवर आला. रस्ता मात्र तोच राहिला. तरीही मी ती घ्यायला सांगतो, ती व्हर्जिलसाठी. त्याच्याकडे एकाग्रतेची पट्टी असते. धावलात, वार हवेत गेला, मार खाल्लात, की ती उतरते. शांत राहून नेमका वार केलात की भरते. या पात्राचा स्वभाव गोष्टीत सांगितलेला नाही, तो खेळणाऱ्याच्या हातात उतरवला आहे.

आणि कधीकधी ‘वाढीव’ म्हणवणाऱ्या आवृत्तीत घरातलं काहीतरी काढूनही टाकलेलं असतं. ‘निंजा गायडेन २’ हा दुसऱ्या मालिकेतला गेम एक्सबॉक्स ३६० वर २००८ मध्ये आला. चहूबाजूंनी तुटून पडणारे शत्रू हा त्याचा प्राण. वर्षभराने प्लेस्टेशन ३ वर त्याचीच वाढीव आवृत्ती ‘सिग्मा २’ आली. आयाने, मोमिजी आणि रेचेल खेळायला मिळाल्या, पण शत्रूंची संख्या घटली आणि रक्त जवळपास गायब झालं. पुढे २०२१च्या मास्टर कलेक्शनमध्येही सिग्माच्याच आवृत्त्या आल्या. पहिल्या भागाची जुनी वाढीव आवृत्ती ‘निंजा गायडेन ब्लॅक’ हिचा मूळ डेटा पूर्ण उरलाच नव्हता, असं हे गेम बनवणाऱ्या टीम निंजाकडून तेव्हा सांगितलं गेलं. जुने कागद न जपल्यामुळे घराचा इतिहास जातो, तसंच हे, आणि वाचून वाईट वाटलं. जानेवारी २०२५ मध्ये ‘निंजा गायडेन २ ब्लॅक’ अनरिअल इंजिन ५ या गेम बनवायच्या नव्या सॉफ्टवेअरवर आला तेव्हा रक्त परतलं आणि त्या तिघीही राहिल्या. याला रीमास्टर म्हणावं की स्पेशल एडिशन, हे डब्यावरून ठरत नाही. चित्र नवं, पात्रं सिग्मातली, तोंडवळा मूळ गेमचा.

त्यामुळे नावावर विसंबू नका. घेण्याआधी जाहिरातीतली ‘फोर के’ आणि ‘रे ट्रेसिंग’ ही चित्राच्या देखणेपणाची अक्षरं क्षणभर झाका आणि उरलेलं वाचा. नवं पात्र, नवा मोड, नियंत्रणांत बदल असं काही उरलं तर पडवी आहे. काहीच उरलं नाही तर मूळ गेम किती फ्रेमने चालायचा ते शोधा. ३० चा ६० झाला असेल तर पैसे हाताला लागतील, आधीपासून ६० असेल तर फक्त डोळ्यांना. आणि टीव्हीचा गेम मोड चालू आहे ना, ते आधी बघा. तो बंद असेल तर चित्र सजवण्यात टीव्हीच उशीर लावतो आणि आवृत्ती कुठलीही घेतली तरी वार उशिराच पडतो.

भाच्याचा प्रश्न पाचव्या भागाचा होता, आणि तिथे कॅपकॉमने दोन्ही गोष्टी स्वतःच वेगळ्या करून ठेवल्यात. मूळ गेम मार्च २०१९चा, हिदेआकी इत्सुनो यांच्या दिग्दर्शनाखालचा. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी स्पेशल एडिशन आली. तिच्यात रे ट्रेसिंग आणि १२० फ्रेमपर्यंतचा पर्याय आहे, टर्बो आहे, लेजेंडरी डार्क नाइट आहे आणि व्हर्जिल आहे. डिसेंबरमध्ये जुन्या कन्सोलसाठी आणि पीसीसाठी एकटा व्हर्जिल वेगळा विकायला ठेवला. म्हणजे कौलं आणि पडवी एका दुकानात, नुसती पडवी दुसऱ्या. भाच्याची जुनी डिस्क प्लेस्टेशन ५ वर चालते. घरचा टीव्ही १२० फ्रेम दाखवणारा नाही. मग त्याने स्पेशल एडिशन सोडली आणि जुन्या डिस्कवर फक्त व्हर्जिल घेतला. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज दोनदा गेली, डाउनलोड उजाडताना पुरं झालं.

पहिल्या रात्री त्याच्या व्हर्जिलची एकाग्रतेची पट्टी रिकामीच राहिली. डान्टेसारखा धावत होता, दिसेल त्यावर तुटून पडत होता. मी शेजारी बसून एवढंच म्हणत राहिलो की कंट्रोलरची काठी सोड, बटण सोड, राक्षसाला येऊ दे. गौरीगणपती विसर्जन करून ओल्या अंगाने व्हाळावरून परतलो, आरतीचा आवाज अजून कानात होता, आणि ओटीवर टीव्ही चालू होता. व्हर्जिल राक्षसांच्या घोळक्यातून सावकाश चालत होता, तलवार म्यानात, आणि पट्टी काठोकाठ भरलेली होती.