‘क्लिअर्ड हॉट’ : बॉम्बिंग रेंजवर असं का बोलतात?

देशाच्या सरहद्दीवर तणाव वाढला, की आपल्या बेळगाव-निपाणी-खानापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘लढाऊ विमानातलं गुप्त संभाषण’ हमखास फिरू लागतं. खरखरीत आवाजात ‘टॅली’, ‘क्लिअर्ड हॉट’, ‘बिंगो’ असे शब्द, आणि खाली कुणीतरी लावलेले त्यांचे थरारक अर्थ. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावात, वायुदलाची प्रशिक्षण संस्था सांबऱ्याला, घरोघरी फौजेतली माणसं. निदान आपल्याकडे तरी हा गैरसमज राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

हे शब्द गुप्त नाहीतच. नाटो देशांनी वापरलेल्या अशा शब्दांच्या याद्या उघडपणे छापलेल्या आहेत. बोलणं लपवायचं असेल तर ते काम यंत्रातलं कूटलेखन करतं. शब्दांवर जबाबदारी वेगळी आहे: गोंगाटात ते चुकीचे ऐकू येता कामा नयेत.

मार्केट यार्डातून साध्या फोनवर ‘साठ पोती’ म्हणा, पलीकडचा हटकून विचारतो, ‘आठ?’ त्याचे कान ठीक असतात. असा फोन काय किंवा विमानाचा रेडिओ काय, आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवतो. ‘स’चा सळसळाट बहुतांशी ४००० हर्ट्झच्या वर असतो, तो वाटेतच कापला जातो. ‘साठ’मधला ‘स’ गेला की उरतं ‘आठ’. इंग्रजीतल्या ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांचा मधला स्वर एकच, म्हणून वैमानिक ‘फाइफ’ आणि ‘नाइनर’ म्हणतात. ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही १९५६ पासून जगभर चालणारी अक्षरमालाही याच गरजेतून आली.

बॉम्बिंग रेंजवर, म्हणजे विमानं बॉम्बफेकीचा सराव करतात त्या मैदानावर, तर चुकीला जागाच नाही. नुसतं ‘दिसलं’ म्हटलं तर काय दिसलं? म्हणून लक्ष्य दिसलं तर ‘टॅली’, आपलं विमान किंवा आपली माणसं दिसली तर ‘व्हिज्युअल’. लक्ष्य दिसत नसेल तर ‘नो जॉय’, आपली माणसं दिसत नसतील तर ‘ब्लाइंड’. ‘क्लिअर्ड हॉट’ म्हणजे शस्त्र सोडायला परवानगी, ‘ड्राय’ म्हणजे काही न सोडता मारलेली फेरी. ‘विंचेस्टर’ म्हणजे दारूगोळा संपला, ‘बिंगो’ म्हणजे परत फिरण्यापुरतंच इंधन उरलं. ऐकू आलं नाही तर ‘रिपीट’ म्हणायचं नाही, ‘से अगेन’ म्हणायचं. तोफखान्यात ‘रिपीट’चा अर्थ त्याच ठिकाणी पुन्हा मारा करा असा होतो.

आता माझ्या आवडीची गोष्ट. एफएम एवढं स्वच्छ ऐकू येतं, तरी विमानं अजून जुन्या एएम पद्धतीनंच का बोलतात?

मिरजेचा तंबोरा जुळवताना जोडीच्या तारा किंचित बेसूर असल्या की नादात चढउतार होतात, तो ‘वांव-वांव’ ऐकू येतो. चढउताराचा वेग म्हणजे दोन तारांच्या कंपनसंख्यांमधला फरक. रेडिओ लहरींचंही तसंच. समजा दोन विमानं ३०० मेगाहर्ट्झवर एकाच वेळी बोलली. एक लक्ष्याकडे झेपावतंय, दुसरं मारा करून दूर चाललंय, दोघांचा वेग सेकंदाला २५० मीटर. डॉप्लर परिणामानं येणाऱ्याची लहर रेंजवरच्या टॉवरला २५० हर्ट्झनं वाढलेली मिळते, जाणाऱ्याची तेवढीच घटलेली. फरक ५०० हर्ट्झ. एएमचा रिसीव्हर लहरींच्या उंचीतले चढउतारच ध्वनीत बदलतो, त्यामुळे हा फरक खणखणीत शिट्टी होऊन कानावर येतो. शब्द कळत नाहीत, पण दोघं एकदम बोलले हे कळतं. एफएममध्ये जोरकस लहर कमजोर लहरीला जवळजवळ पुसूनच टाकते. कुणी ‘ॲबॉर्ट’ म्हणजे ‘थांबा’ असं ओरडलं आणि त्याची लहर कमजोर पडली, तर कुणीतरी बोललं होतं याचा पत्ताही लागणार नाही. एएमची शिट्टी कर्कश असली तरी ती खरं सांगते.

अर्थात ती ऐकून थांबणारा माणूस हवा. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जम्बो जेट धडकली, ५८३ माणसं गेली. टॉवरचं ‘थांबा, मी कळवतो’ आणि दुसऱ्या विमानाचं ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ ही दोन्ही वाक्यं एकावर एक पडली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानात त्या शिट्टीत ती बुडून गेली. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द टॉवरनं प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, असा दंडक आला. रेंजवरही परवानगी स्वच्छ ऐकू आली नाही तर ती मिळालेली नाही असंच धरायचं असतं.

परवानगी मिळून सरावाचा बॉम्ब पडला की त्यातून धुराचा लोट उठतो. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन मनोऱ्यांवरून त्या धुराचे कोन मोजतात. मनोऱ्यांमधलं अंतर माहीत असतं, त्यामुळे दहावीच्या त्रिकोणमितीनं बॉम्ब पडल्याची जागा मिळते. मग वैमानिकाला कळवतात, ‘तीस, चार वाजता’. म्हणजे विमान ज्या दिशेनं झेपावलं ती घड्याळातले बारा धरायची; बॉम्ब लक्ष्यापासून तीस मीटरवर, उजवीकडे आणि किंचित मागे पडला. पुढच्या फेरीत नेम किती आणि कुठे सरकवायचा, हे वैमानिकाला तेवढ्यावरून कळतं.