गाडीच्या रंगावरील डांबर काढणे

रस्त्यावरून उडून गाडीला चिकटलेले डांबर रंगाला चरे न पाडता विरघळवून उचलणे आणि त्या जागेवर पुन्हा संरक्षक थर देणे, अशा दोन भागांत हे काम होते. दुसरा भाग बहुतेकदा राहून जातो. डांबर विरघळवणारे द्रव रंगावरचे जुने वॅक्सही सोबत घेऊन जातात, त्यामुळे डाग गेला तरी ती जागा उघडी पडलेली असते.

ठाणे आणि नवी मुंबईत या डागांचे हंगाम ठरलेले आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर डांबरीकरण उरकले जाते, पाऊस सुरू झाला की खड्डे बुजवणे सुरू होते आणि गणपतीच्या आधी पुन्हा पॅचवर्क होते. उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारी अवजड वाहने शिळफाटा, मुंब्रा बायपास, माजिवडा करत घोडबंदर रोडला लागतात. या वाहतुकीखाली ताजा पॅच नीट बसायच्या आतच उखडतो आणि डांबर माखलेली बारीक खडी मागच्या गाड्यांवर उडते. उन्हाळ्यात जुना रस्ताही पुरेसा असतो. रस्त्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा मृदुकरणांक, म्हणजे ते मऊ पडू लागण्याचे तापमान, किमान ४७ अंश सेल्सिअस असावा लागतो आणि भर दुपारी काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग त्याहून अधिक तापतो. काँक्रीटच्या रस्त्यावर हा त्रास जवळजवळ नसतो.

शिंतोडे मुख्यतः चाकांच्या मागे, दारांच्या खालच्या पट्ट्यावर आणि मागच्या बंपरवर बसतात. पांढऱ्या गाडीवर ते लगेच दिसतात. गडद गाडीवर हात फिरवल्यावरच कळतात. डाग बराच काळ राहिला तर डांबरातला तेलकट अंश रंगावरच्या पारदर्शक थरात (क्लिअर कोट) मुरतो आणि काळा ठिपका निघाल्यावरही खाली पिवळट छटा उरते. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो, आणि रंगाची सगळी चकाकी त्याच्यावरच अवलंबून असते.

रस्त्यावर नवा थर टाकण्याआधी फवारतात ते इमल्शन मात्र वेगळे. पाण्यात मिसळलेले हे डांबर ताजे असताना तपकिरी असते आणि पाणी सुटले की काळे पडते. डाग तपकिरी असेपर्यंत साधे पाणी आणि शाम्पू पुरतात, म्हणून अशा कामाजवळून गेल्यावर गाडी तिथल्या तिथे धुणे फार मोलाचे ठरते.

वाळलेल्या डांबरावर पाणी चालत नाही. ते खनिज तेलातून निघते, म्हणून विरघळतेही तेलाच्याच जातीच्या द्रवात: घासलेट, रंगकामाचे मिनरल टर्पेंटाइन किंवा दुकानात मिळणारे टार रिमूव्हर. ताज्या, लहान ठिपक्यांना खोबरेल तेलही पुरते, फक्त वेळ जास्त लागतो. पेट्रोल वापरू नये. ते झटकन उडते, अर्धवट विरघळलेले डांबर तिथेच पसरते, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने इमारतीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये जमिनीलगत साचून भडका उडू शकतो. थिनर तर गाडीजवळ आणूच नये. कारखान्यातला भाजलेला रंग कदाचित तगेल, पण गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग झालेला भाग मऊ पडून सुरकुततो. हेडलाइटच्या काचेसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकलाही थिनरने बारीक तडे जातात.

काम सावलीत, बोनेट आणि दारे थंड असताना करावे. आधी शाम्पूने धुऊन चिखल पूर्ण काढावा. मग मऊ मायक्रोफायबर फडके घासलेटात भिजवून डागावर नुसते दाबून धरावे, साधारण मिनिटभर. ठिपक्याची कड सैल होऊन तपकिरी ओघळ सुटला की फडके वर उचलत डाग टिपून घ्यावा आणि पुढच्या डागासाठी फडक्याची स्वच्छ घडी उघडावी. गोल गोल घासणे हीच खरी हानी, कारण जवळपास प्रत्येक ठिपक्यात बारीक कच अडकलेली असते आणि घासताना तीच रंगावर फिरते. नखाने किंवा चाकूने खरवडण्याचाही हाच दोष. जुना डाग एका फेरीत निघाला नाही तर पुन्हा भिजवावे. जोर वाढवू नये. रबरी पट्ट्या आणि रंग न दिलेले काळे प्लास्टिक यांना घासलेट लागू देऊ नये.

डाग निघाल्यावर तेलकटपणा जाण्यासाठी तो भाग पुन्हा शाम्पूने धुवावा. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बोटे फिरवली की उरलेला खरखरीतपणा स्पष्ट जाणवतो. तो क्ले बारने, म्हणजे रंगाला चिकटलेले कण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, भरपूर ओलावा ठेवून काढतात. सगळे डांबर आधीच काढलेले हवे, नाहीतर ते क्लेलाच चिकटते. दारांवर गंजासारखे तांबूस बिंदू दिसले तर ते डांबर नव्हे, लोखंडाचे कण असतात. रेल्वेमार्गाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर ते हमखास सापडतात आणि घासलेटाला दाद देत नाहीत. त्यांना आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारा द्रव, लागतो.

यानंतर वॅक्स. कार्नोबा वॅक्स (एका ताडवर्गीय झाडाचे मेण) चकाकी सुंदर देते, पण इथल्या उन्हापावसात दोन-तीन महिन्यांपलीकडे त्याच्यावर विसंबू नये. सिंथेटिक सीलंट, म्हणजे कृत्रिम संरक्षक लेप, त्याहून टिकते. सिरॅमिक कोटिंग दोन-तीन वर्षे चालते, पण ते केले की डांबर चिकटतच नाही ही समजूत चुकीची आहे. चिकटते, फक्त सुटायला सोपे जाते. या सगळ्यांआधी चारी चाकांना मडफ्लॅप बसवावेत, त्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. पावसाळ्यात गाडी रोज एकाच ओल्या फडक्याने पुसून घेण्याची सोसायट्यांतली पद्धत वॅक्सही घालवते आणि चरेही पाडते. आधी पाण्याचा फवारा मारून कच वाहू द्यावी, मगच पुसावे. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश आणि वॅक्स दोन्ही वर्ज्य आहेत.

घासलेटाची फडकी मोकळ्या हवेत वाळवून वेगळी टाकावीत आणि उरलेले द्रव पावसाळी गटारात ओतू नये. ही गटारे पुढे ठाणे खाडीला मिळतात, आणि या खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ आहे.