गायीचा क्षय आधी की माणसाचा?

सोलापूरच्या पूर्व भागात चादरीच्या कारखान्यात कधी गेलात, तर जुन्या जॅकार्ड मागाच्या वर नजर टाका. पुठ्ठ्याच्या कार्डांची लांबलचक माळ लटकलेली असते. कार्डावर भोकं पाडलेली. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि खटखट आवाजात हळूहळू मोर उमटतो. माळ झिजली की तिच्यावरून दुसरी पाडतात. त्यात एखादं कार्ड गळलं तर मोराच्या तुऱ्याची एक ओळ गेली. त्या माळेवरून पुढे जितक्या माळा पाडाल, तितक्या मोरांचा तुरा तुटका. तुटक्या माळेवरून अख्खी माळ काही पाडता येत नाही.

क्षयाच्या जंतूंची भाऊबंदकी याच हिशोबाने उलगडली.

पूर्वी समज असा होता की माणसाने गायी पाळल्या, एका छपराखाली राहिला, निरसं दूध प्यायला आणि गोठ्यातला क्षय घरात आला. पटण्यासारखंच होतं ते. 1998 मध्ये माणसाच्या क्षयजंतूचा अख्खा जिनोम, म्हणजे त्याच्या डीएनएची सगळी अक्षरमाळ, वाचून झाला: सुमारे 44 लाख अक्षरं, चार हजारांच्या आसपास जनुकं. 2003 मध्ये गायीच्या जंतूचा, म्हणजे बोव्हिसचा, जिनोम आला. दोघांची अक्षरं 99.95 टक्क्यांहून जास्त जुळणारी, पण बोव्हिसचा जिनोम साठेक हजार अक्षरांनी आखूड. त्याआधीच, 2002 मध्ये, कुठल्या जंतूत कुठले तुकडे गळालेत याची जुळणी लावली गेली होती. माणसाच्या जंतूत असलेले कित्येक तुकडे गायीच्या जंतूत नाहीत. हे जंतू दुसऱ्यांकडून जनुकं जवळजवळ उसनी घेत नाहीत, त्यामुळे गेलेलं परत येत नाही. मग तुटक्या माळेवरून अख्खी निघाली कशी म्हणायची? गाय सुटली आरोपातून. अर्थात माणसानेच गायीला क्षय दिला, असंही यातून सिद्ध होत नाही. दोघांचा पूर्वज एक, एवढंच पक्कं.

मला सगळ्यात गंमत वाटते ती आपल्या दंडावरच्या बीसीजीच्या वणाची. ती लस याच बोव्हिसची. काल्मेट आणि गेराँ या दोघा फ्रेंचांनी 1908 पासून 13 वर्षं हा जंतू पित्तात शिजवलेल्या बटाट्याच्या फोडींवर वाढवला. एका फोडीवरून दुसरीवर, असा 230 वेळा. एवढ्या नकला काढताना साडेनऊ हजार अक्षरांचा एक तुकडा गळाला. त्याला आरडी-1 म्हणतात. पेशीत घुसखोरी करायची हत्यारं नेमकी त्यातच होती, म्हणून जंतू बोथट झाला.

हे गळालेलं कार्ड आता तपासणीत कामाला येतं. हातावर सुई टोचून क्षय तपासायच्या जुन्या ट्युबरक्युलिन चाचणीत बीसीजी घेतलेल्याचाही हात सुजू शकतो. नव्या चाचण्या आरडी-1 मधलीच प्रथिनं वापरतात. लसीत ती नाहीत, त्यामुळे नुसती लस घेतलेला माणूस त्यात अडकत नाही.

भारतात मात्र आणखी एक भाऊबंद निघाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या रुग्णांच्या नमुन्यांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लसीतला सोडला तर बोव्हिस सापडलाच नाही. काही नमुन्यांत निघाला ओरिजिस. नाव पडलंय ऑरिक्स हरणावरून, पण आपल्याकडे तो गायीगुरांतही आढळतो. गायीकडून आलेला क्षय शोधायचा म्हणून नुसता बोव्हिस हुडकत बसलं, तर हा हातातून निसटतो.