नाडी 44, आणि काका ठणठणीत

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या काकांना भाच्याने नाडी मोजणारं घड्याळ भेट दिलं. दुसऱ्याच पहाटे त्यावर आकडा आला 44. काकूंनी घर डोक्यावर घेतलं. काका वीस वर्षं कमाटीबागेत रोज पळतात (आणि रविवारी पळून येताना सेवउसळ खातात), हे त्या घाईत कुणाला आठवलं नाही.

स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी मिनिटाला 60 ते 100 असावी, असं आपण शिकतो. पण शरीराला ठोके नको असतात, रक्त हवं असतं. मिनिटाला साधारण 5 लिटर. दर ठोक्याला 70 मिलिलिटर रक्त बाहेर पडत असेल तर सत्तरेक ठोके लागतात. वर्षानुवर्षं पळून हृदयाचा डावा खालचा कप्पा ऐसपैस झाला आणि ठोक्याला 110 मिलिलिटर जाऊ लागलं, की 45 ठोक्यांत काम भागतं. घागर मोठी, खेपा कमी. स्वीडनच्या हेन्शेन नावाच्या डॉक्टरांनी 1899 साली बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांच्या छातीवर नुसतं बोटांनी ठोकून त्यांची हृदयं मोठी असल्याचं ओळखलं होतं!

मात्र ठोके मंद होतात कसे, यावर अजून वाद आहे. हृदयाची लय ठरवणारी पेशींची गाठ मोकळी सोडली तर मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देते. व्हेगस नावाचा मज्जातंतू तिचा लगाम खेचून धरतो. पळणाऱ्यांचा लगाम जास्त घट्ट, असं बरीच वर्षं मानलं गेलं. 2014 साली मँचेस्टरच्या संशोधकांनी व्यायाम करवलेल्या उंदरांचा हा लगाम औषधाने तोडला, तरी ठोके मंदच राहिले. त्या गाठीतल्या पेशीच बदलल्या होत्या; विद्युतप्रवाह आत घेणारी एचसीएन4 नावाची प्रथिनं कमी झाली होती.

आकडा कमी म्हणजे हृदय उत्तमच, असंही नाही. स्वीडनमधल्या 90 किलोमीटरच्या वासालोपेट या स्कीइंगच्या शर्यतीत वारंवार आणि वेगाने उतरणाऱ्यांमध्ये पुढे हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण जास्त आढळलं. नाडी मंद आणि सोबत चक्कर, शुद्ध हरपणं किंवा धाप असेल, तर ती खेळाडूची नाडी म्हणून सोडून देऊ नये. थायरॉइड मंदावल्यानेही ठोके कमी होतात, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही.

काकांना यातलं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, मग त्यांना जिना दोनदा चढायला लावला. नाडी झपकन शंभरावर गेली. गरज पडली की ठोके वाढतात, एवढंच त्यांना पाहायचं होतं. काकूंचा जीव भांड्यात पडला.

निघताना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचं विचारलं, कारण रक्तवाहिनीत चरबी साचली आहे की नाही ते नाडी सांगत नाही. काकांनी ते सहा वर्षांत तपासलंच नव्हतं.