प्रकरणाधारित व कथनात्मक नीतिविचार

रुग्णालयाच्या नीतिसमितीने तत्त्वांची यादी पुढे न ठेवता समोरच्या रुग्णापासून निर्णयाकडे जाण्याची रीत. पहिल्या प्रकारात ज्याबद्दल दुमत नाही अशा ‘आदर्श प्रकरणा’शी तुलना करतात, दुसऱ्यात हकीकत कोणी, कोणत्या शब्दांत सांगितली ते पाहतात.

उगम : याबाबत मतभेद आहेत. काही अभ्यासक रोमन विचारवंत सिसरोने (इ. स. पू. ४४) चर्चिलेल्या नीतिपेचांपर्यंत मागे जातात, काही साधारण सहाव्या शतकापासूनच्या, पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठीच्या आयरिश प्रायश्चित्त-पुस्तिकांपर्यंत. १२१५ च्या कॅथलिक चर्चच्या लॅटरन धर्मपरिषदेने वार्षिक पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) सक्तीचे केले आणि एकेका माणसाची परिस्थिती पाहून निवाडा देणे हे धर्मगुरूंचे नित्याचे काम झाले. म्हणून पापनिवेदनाशी नाते जोडणारे मत अधिक ग्राह्य वाटते. जॉन्सन व टूलमिन (१९८८) यांच्या मते १५५६–१६५६ हा या रीतीचा बहराचा काळ. फ्रेंच विचारवंत पास्कालच्या टीकेने ती बदनाम झाली. रुग्णालयीन समित्यांना चालना मिळाली ती बेशुद्ध तरुणीचा व्हेंटिलेटर काढण्याबाबतच्या क्विनलन खटल्याच्या निकालानंतर (न्यू जर्सी, अमेरिका, १९७६).

कार्यपद्धती : जॉन्सन, सीगलर व विन्स्लेड (१९८२) यांचे चार रकाने प्रचलित आहेत : वैद्यकीय गरज, रुग्णाची इच्छा, जीवनमान, भोवतालची परिस्थिती. खरी अडचण रकाने भरण्याआधीच येते. समजा, मुरबाडकडचे वृद्ध गृहस्थ ठाण्यात व्हेंटिलेटरवर आहेत. मुलगा म्हणतो, “आता घरी न्यायचं.” केसपेपरवर उतरते, ‘नातेवाईकांचा उपचारास नकार, डामा’ (म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णास घरी नेणे). ही हकीकत नव्हे, निष्कर्ष झाला. पैसे संपले म्हणून न्यायचे असेल, तर आधी समाजसेवा अधीक्षकांना बोलवावे, जनआरोग्य योजना आणि धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाटा (१० टक्के मोफत, १० टक्के सवलतीच्या) तपासाव्यात. ‘मला नळ्या लावू नका’ असे आजोबाच शुद्धीत असताना सांगून गेले असतील, तर तुलना वेगळ्याच प्रकरणाशी होते. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाची २०१८ ची, २०२३ मध्ये सुधारलेली कार्यपद्धती लागू होते : उपचार करणारे डॉक्टर व किमान दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ, नंतर दुय्यम मंडळ, प्रत्येकाचे मत शक्यतो ४८ तासांत.

दोष : नुकत्याच गाजलेल्या केसच्या साच्यात नवी केस बसवली जाते. बोलक्या नातेवाइकाचे म्हणणे टिकते. रात्रंदिवस उशाशी बसलेल्या सुनेला कोणी विचारत नाही, हे फार अन्यायाचे आहे. म्हणून तुलनेपूर्वी दोघांची हकीकत स्वतंत्रपणे, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी.

ठाणे-नवी मुंबई : नवी औषधे व त्यांच्या चाचण्यांबाबतच्या २०१९ च्या नियमांखालील नीतिसमित्या (किमान ७ सदस्य) औषधचाचण्या तपासतात, खाटेजवळचे पेच त्यांच्या कक्षेत येत नाहीत.