सर्वांसाठी खुलं असणं आणि सर्वांना येता येणं: कौन्सिलच्या ग्रँटमधल्या दोन वेगळ्या अटी

ब्रिटनमध्ये स्थानिक कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेसारख्या संस्थेच्या, ग्रँटचा (अनुदानाचा) अर्ज भरताना बरीच मंडळं दोन प्रश्नांना एकच उत्तर देतात. एका रकान्यात विचारलेलं असतं, तुमच्या गटाचं समानतेचं धोरण काय? दुसऱ्यात असतं, ज्यांचा सहभाग आज कमी आहे त्यांच्यापर्यंत तुम्ही कसे पोहोचणार? दोन्हीकडे उत्तर येतं, ‘आमचे कार्यक्रम धर्म, लिंग, वय न पाहता सर्वांसाठी खुले आहेत.’ पहिल्या प्रश्नाला हे चालून जातं. दुसऱ्याला ते उत्तरच होत नाही. मनापासून काम करणारे गट नेमके इथे मागे पडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिली अट भेदभाव न करण्याची. ती मुळात कौन्सिलची नाहीच. ग्रँट मिळो न मिळो, लोकांना सेवा देणाऱ्या प्रत्येक गटाला ती लागू आहे. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये त्यासाठी इक्वॅलिटी अ‍ॅक्ट २०१० आहे. उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत. या कायद्याने नऊ बाबींना संरक्षण दिलं आहे: वय, अपंगत्व, लिंगबदल, विवाह किंवा सिव्हिल पार्टनरशिप (विवाहासारखं कायदेशीर नोंदणीचं नातं), गरोदरपण व बाळंतपण, वंश, धर्म किंवा श्रद्धा, लिंग आणि लैंगिक कल. यातली विवाहाची बाब सेवा देण्याच्या संदर्भात लागू होत नाही, ती नोकरीपुरती धरली जाते.

‘तुम्ही येऊ नका’ असं तोंडावर सांगणं हा थेट भेदभाव झाला, आणि तसं कोणी सहसा करत नाही. अडचण अप्रत्यक्ष भेदभावाची असते. नियम सगळ्यांना सारखा, पण त्याचा फटका एकाच प्रकारच्या लोकांना बसतो आणि त्यामागे पटण्याजोगं कारणही नसतं. सगळ्या बैठका शुक्रवारी संध्याकाळीच ठेवायच्या, हा नियम वरवर कोणाच्याच विरोधात नाही. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळणाऱ्या ज्यू कुटुंबाला मात्र तो कायमचा बाहेर ठेवतो.

दुसरी अट समन्यायाची, म्हणजे ज्याची जशी गरज तशी सोय करण्याची, आणि तिचा उगम वेगळा आहे. याच कायद्याच्या १४९व्या कलमाने सार्वजनिक संस्थांवर एक कर्तव्य टाकलं आहे. ते एप्रिल २०११पासून लागू आहे. भेदभाव दूर करणं, संधीची समानता पुढे नेणं आणि वेगवेगळ्या समाजगटांमध्ये सलोखा वाढवणं, या तिन्हींचा कौन्सिलने आपलं काम करताना गांभीर्याने विचार करायचा असतो. एखाद्या छोट्या मंडळावर हे कर्तव्य सहसा थेट येत नाही. पण पैसे वाटताना कौन्सिलला ते पाळावं लागतं, म्हणून ग्रँटच्या करारातून ते आपल्या दारात येतं. काहींची गरज वेगळी असेल तर त्यांना अधिक झुकतं माप देणं हा या कर्तव्याचा भाग असू शकतो, असंही त्याच कलमात म्हटलं आहे.

या दोन अटींची गल्लत केली की किती नुकसान होतं, हे पश्चिम लंडनमधल्या ईलिंगच्या प्रकरणात दिसलं. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था १९७९पासून आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्या अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी काम करते. तिला पैसे देणाऱ्या ईलिंग कौन्सिलने ठरवलं की एकाच समाजातल्या स्त्रियांसाठी वेगळी सेवा नको, संपूर्ण बरोमधल्या (कौन्सिलच्या हद्दीतल्या) सगळ्यांसाठी एकच सेवा हवी. ऐकायला किती समतेचं वाटतं! प्रत्यक्षात ज्या बाईला इंग्रजी येत नाही, जिचा व्हिसा नवऱ्यावर अवलंबून आहे, जिला समाजात तोंड दाखवता येणार नाही अशी भीती घातली जाते, तिला त्या ‘सर्वांसाठी’च्या सेवेत बोलणार कोण होतं? सेवा घेणाऱ्या दोन स्त्रिया न्यायालयात गेल्या. २००८च्या जुलैमध्ये सुनावणी चालू असतानाच कौन्सिलने माघार घेतली. निर्णयाचा अल्पसंख्य स्त्रियांवर काय परिणाम होईल याचं मूल्यमापन आधी नीट झालं नव्हतं. विशिष्ट समाजासाठी वेगळी सेवा असणं आणि समता व सलोखा वाढवणं यांत विरोध नाही, हे न्यायाधीशांनी माघारीनंतरही दिलेल्या निकालपत्रात स्पष्ट केलं. तेव्हा २०१०चा कायदा आलेला नव्हता, जुन्या वंशसंबंध कायद्याखाली हे घडलं. तरी अर्ज लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण माहीत करून घ्यावं असं मला वाटतं.

याचा अर्थ मनाला येईल तसं कोणालाही झुकतं माप द्यायचं, असा मात्र नाही. २०१०च्या कायद्याचं कलम १५८ त्यासाठी तीन आधार देतं: त्या लोकांना काही तोटा सोसावा लागतो आहे, त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत, किंवा त्यांचा सहभाग फारच कमी आहे. असं मानायला वाजवी कारण हवं आणि उपाय गरजेच्या प्रमाणात हवा. अपंगांच्या बाबतीत कायदा याहून पुढे जातो. त्यांना जास्त सोय दिली म्हणून इतरांना भेदभावाची तक्रार करता येत नाही, आणि वाजवी सोयींचा विचार ती व्यक्ती दारात येण्याआधीच करायचा असतो. म्हणजे रॅम्पची गरज कोणी मागणी केल्यावर सुचून उपयोग नाही. इथे पहिली आणि दुसरी अट एकमेकींत मिसळतात.

आता अर्जाकडे येऊ. समजा तुम्हाला ज्येष्ठांसाठी दर आठवड्याला व्यायामाचा वर्ग चालवायचा आहे. हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, नावनोंदणी फक्त ऑनलाइन, वेळ संध्याकाळी सहाची. दार सगळ्यांना उघडं आहे, तरी गुडघे दुखणारी, ईमेल न वापरणारी, नातवंडांना सांभाळणारी आजी कधीच येणार नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे सुरू होतं: तळमजल्यावरचा हॉल, दुपारची वेळ, फोनवरून नोंदणी, बसून करायचे व्यायाम आणि येण्याजाण्याचा खर्च. यातल्या ज्या गोष्टींना पैसे लागतात त्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर लिहा. दुभाषी, सांकेतिक भाषेचा जाणकार, पाळणाघर, प्रवासखर्च हे ‘इतर खर्चा’त लपवू नका. उत्तरात समन्याय आणि अंदाजपत्रकात त्यासाठी शून्य पौंड, ही विसंगती परीक्षकाच्या लगेच नजरेत येते.

आपल्या मंडळांना एक प्रश्न हमखास पडतो: सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवता येतं का? समान संरक्षित वैशिष्ट्य असलेल्यांपुरतं सभासदत्व ठेवण्याची मुभा कायदा संघटनांना देतो, फक्त त्वचेच्या रंगावरून नाही. पण कायद्यात मुभा आहे म्हणून कौन्सिल पैसे देईलच असं नाही. ग्रँटच्या अटी कायद्यापेक्षा कडक असू शकतात, त्या आधी वाचा.

आणि जातीबद्दल बोलायलाच हवं. त्या नऊ बाबींत जात नावाने नाही. ती घालायची तरतूद २०१३मध्ये झाली होती, पण २०१८मध्ये सरकारने ती अमलात आणणार नाही असं जाहीर केलं. मात्र २०१४मध्ये एम्प्लॉयमेंट अपील ट्रिब्युनलने (नोकरीच्या वादांतली अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने) म्हटलं की जातीवरचा भेदभाव वांशिक मूळ या व्याख्येत बसू शकतो. मंडळाच्या धोरणात जातीचा उल्लेख स्पष्टपणे करायला कोणीही अडवलेलं नाही. तो केलाच पाहिजे. तो शब्द धोरणात नसल्यामुळे कोण येत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं.

शेवटी कोण आलं याची नोंद. फॉर्म ऐच्छिक ठेवा, ‘सांगायचं नाही’ हा पर्याय द्या. वंश, धर्म, आरोग्य, लैंगिक कल ही माहिती डेटा संरक्षण कायद्यात विशेष जपायची मानली जाते, म्हणून ती नावांच्या यादीत मिसळू नका. गट लहान असेल आणि आकड्यावरून माणूस ओळखू येत असेल, तर अहवालात ते आकडे एकत्र करून द्या आणि कौन्सिलच्या अधिकाऱ्याला त्याचं कारण आधीच कळवा.