सरकारी निवासस्थानांच्या दुरुस्तीचं काम: नोंदणीपासून बिलापर्यंत लागणारे कागद

कौलं परतायची, गळके स्लॅब बंद करायचे, खाऱ्या हवेनं गंजून फुगलेल्या सळया उघडून पॅच मारायचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात दुरुस्ती म्हणजे बहुतेक हेच, आणि तेही पावसाच्या आत. गवंडी मिळतात. अडतं ते बिल.

आधी पैसे कोण देणार ते बघा. जिल्हा परिषदेची किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याची क्वार्टर्स असतील तर काम खात्यातून निघतं. म्हाडाच्या कोकण मंडळाच्या वसाहतीत इमारत सोसायटीच्या नावावर झाली असेल, तर दुरुस्ती सोसायटीची. मंडळाकडे बिल नेऊन उपयोग नाही. ग्रामीण घरकुलाचे हप्ते थेट लाभार्थ्याच्या खात्यात जातात, तिथे टेंडरचा प्रश्नच नाही.

खात्याच्या कामाला ठेकेदार म्हणून नोंदणी हवी. कितीपर्यंतचं काम घेता येईल ते नोंदणीच्या वर्गावर ठरतं. सिव्हिलचा डिप्लोमा किंवा डिग्री असेल तर सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून अर्ज करा. छोटी कामं काम वाटप समितीतून मिळतात. मजूर सहकारी संस्थांनाही त्यात वाटा असतो. कागद नेहमीचेच: पॅन, आधार, जीएसटी आणि व्यवसाय कराची नोंदणी, शिक्षणाचे दाखले, वरच्या वर्गाला बँकेची सॉल्व्हन्सी (आर्थिक ऐपतीचा दाखला) आणि पूर्वीच्या कामांचे दाखले. सगळीकडे नाव अक्षरन् अक्षर सारखं असू द्या.

मोठी कामं महाटेंडर्स या राज्य सरकारच्या ऑनलाइन टेंडर पोर्टलवर. त्यासाठी क्लास ३ डिजिटल सिग्नेचर (ऑनलाइन सही) आणि बयाणा रक्कम, म्हणजे टेंडरसोबत भरायची ठेव, लागते. लिफाफे दोन: तांत्रिक आणि आर्थिक. दराचा आकडा चुकून तांत्रिक लिफाफ्यात गेला की टेंडर बाद. दर जीएसटी धरून आहे की सोडून, हे भरण्याआधी वाचा. दुरुस्तीवर तो १८ टक्के असतो, म्हणजे नफा तिथेच जाऊ शकतो.

‘सुरू करा, ऑर्डर मागाहून देतो’ यावर एक घमेलंही उचलू नका. करारनामा आणि कार्यारंभ आदेश (काम सुरू करायची लेखी ऑर्डर) फाईलला लागला की मगच. पैसे निघतात मोजमाप पुस्तिकेवरून, म्हणजे खात्याचा अभियंता झालेल्या कामाची मापं लिहितो त्या वहीवरून, आणि दुरुस्तीचं निम्मं काम झाकलं जाणारं असतं. पोपडे काढून सळई घासली, प्रायमर मारला. त्यावर प्लास्टर चढलं की खालचं कोण मोजणार? झाकण्याआधी शाखा अभियंत्याला बोलवा, माप लिहून घ्या, टेप दिसेल असा तारखेचा फोटो ठेवा. कौलांचंही तसंच: फुटकी कौलं मोजून झाल्याशिवाय फेकू नका.

बिलातून आयकर कापला जातो, व्यक्तीच्या नावावर १ टक्का, कंपनी-भागीदारीला २. करार अडीच लाखांवर असेल तर जीएसटीचा टीडीएस (बिलातूनच होणारी कपात) आणखी २ टक्के. या दोन्हींचा हिशेब नंतर जुळवता येतो. बांधकाम कामगार उपकराचा १ टक्का मात्र गेला तो गेला, दर भरतानाच धरा.

कामापोटी खात्याकडे ठेवलेली अनामत दोष दायित्व कालावधी (कामात दोष निघाला तर तो तुम्हीच दुरुस्त करून द्यायची मुदत) संपल्यावर मिळते, आणि बहुतेक ठिकाणी मागितल्याशिवाय कोणी देत नाही. मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.